गुडघा टेकायचा नाही

चिमी चौतिशीला आली तरी घरात आणि दुकानात सगळे तिला चिमीच म्हणत. अंगाने किरकोळ, पण मोठ्या काचेचं एक टोक ती धरायची, दुसरं तिचा थोरला भाऊ, आणि दोघं ती काच अरुंद जिन्यावरून अशी वर न्यायची की घरमालक पालीसारखा भिंतीला चिकटून उभा राहायचा. वडिलांच्या मागे काचेचं दुकान दादाने सांभाळलं. काच कापायची दादाने, मापं घेऊन ती खिडकीत बसवायची चिमीने आणि कापलेल्या कडा घासून गुळगुळीत करायच्या मिशाकाकांनी. मिशाकाका वडिलांच्या वेळचे. काचेपेक्षा ते मिशांनाच जास्त पॉलिश करतात, असं दादा म्हणायचा.

दुकान बंद झालं की चिमी कराटेसारखं केन्पो शिकायला जायची. शिकवणाऱ्या बाई दिवसभर ड्रायव्हिंग स्कूल चालवत आणि संध्याकाळी त्याच इमारतीच्या वरच्या मजल्यावर क्लास घेत. त्यांच्या गाडी शिकवण्यात आणि मारामारी शिकवण्यात फारसा फरक नव्हता. दोन्हीकडे त्या सारख्याच ओरडत.

त्या महिन्यात बाईंनी गुडघ्यावरच्या पवित्र्यांचा पिच्छाच पुरवला होता. क्लोज नील म्हणजे पाय जवळ, मागचा गुडघा पुढच्या टाचेपाशी उतरलेला, मागची टाच उचललेली. वाइड नील म्हणजे तसंच, पण पाय फाकवून ऐसपैस. चिमीला दोन्ही आकार चटकन जमले. बाईंना मात्र ते पसंत पडेनात.

"फोटो काढायला बसलीस का गं?"

"काय चुकलं बाई?"

"दिसायला काही चुकलं नाही. पण खाली गेलीस कशाला, ते सांग."

बाई स्वतः मध्ये आल्या. "मारणारा डोक्यावर मारतो. मी खाली गेले, त्याचा वार वरून गेला. हा एक उपयोग. खाली जाताना माझं वजनही खाली येतं. त्याच क्षणी हात त्याच्यावर पडला, तर नुसता हात पडत नाही, हाताबरोबर अख्खी मी पडते." क्लासला येणारे दातांचे डॉक्टर इथे हळूच मागे सरकले, कारण अशा वेळी बाईंना नेहमी तेच सापडत. "कुठे चाललात? इकडे या डॉक्टर. खरा उपयोग तुमच्यावरच दाखवायचाय."

त्यांनी डॉक्टरांचं मनगट धरलं, बाजूला पाऊल टाकलं आणि खाली उतरल्या. त्यांचा गुडघा मागून डॉक्टरांच्या पायात बसला, पाय दुमडला आणि डॉक्टर एका गुडघ्यावर आले. बाईंचा गुडघा त्यांच्या पोटरीवर तसाच राहिला.

"उठा आता."

"नाही उठता येत."

"माझं वजन कुठे आहे?"

"कुठे म्हणजे? माझ्या पायावर!" डॉक्टर कण्हले.

"खोटं. माझ्या मांड्यांत आहे. तुमच्या पायावर आलं असतं तर तुम्हाला हाडांच्या डॉक्टरकडे न्यावं लागलं असतं." बाई चिमीकडे वळल्या. "गुडघा म्हणजे क्लच. पूर्ण सोडलास तर समोरच्याचा सांधा जातो. पूर्ण उचललास तर तो उठून तुझ्या उरावर बसतो. अर्ध्यावर धरायचा. आणि स्वतःचा गुडघा जमिनीला टेकायचा नाही. टेकलास की तूही अडकलीस त्याच्याबरोबर."

मग चिमीची पाळी आली. तिचा गुडघा डॉक्टरांच्या पोटरीवर इतका हलका उतरला की डॉक्टर सहज उठून उभे राहिले. पुन्हा केलं, पुन्हा उठले. त्यांना बिचाऱ्यांना स्वतःलाच ओशाळल्यासारखं झालं.

"भितेस तू," बाई म्हणाल्या.

"त्यांना लागेल ना, बाई."

"लागू न देणं वेगळं आणि धरायचंच नाही, हे वेगळं. तू धरतच नाहीस."

हे बोलणं चिमीला झोंबलं. पण दुसऱ्याच्या सांध्यावर वजन टाकायचं म्हटलं की तिचं अंग आपोआप आखडायचं, त्याला ती तरी काय करणार?

दादाला मधुमेह होता. दुपारी इन्शुलिनची सुई टोचायची आणि लगेच जेवायचं, हे त्याच्या डॉक्टरांनी वहिनीला, वहिनीने चिमीला आणि चिमीने दादाला बजावून ठेवलं होतं. सुई तो टोचून घ्यायचा. जेवण मात्र "हे एवढं कापून घेतो" म्हणत लांबवायचा. मागे एकदा तो असाच घामाघूम होऊन बरळायला लागला होता. तेव्हा मिशाकाकांनी लिंबाच्या गोळ्या चारून त्याला ताळ्यावर आणलं होतं. शुद्धीवर आल्या आल्या त्याने दोघांना दम भरला, की घरी चकार शब्द काढायचा नाही. त्याला कुणी आजारी म्हटलेलं खपत नसे. वहिनीला कळलं असतं तर तिने त्याला दुकानात पाऊल टाकू दिलं नसतं, हेही खरंच. चिमी गप्प बसली.

त्या दुपारी एका शोरूमची मोठी काच द्यायची होती. त्यांचा माणूस सकाळपासून फोनवर फोन करत होता. दादाने मोरीत जाऊन सुई टोचली, डबा काढून गल्ल्यावर ठेवला आणि नेमका तेवढ्यात पुन्हा फोन वाजला. डबा तिथेच राहिला. दादा आत गेला.

आतली शेड लांबट होती. दोन्ही बाजूंना उतरत्या लाकडी घोड्यांना टेकवून काचा उभ्या केलेल्या, मधून एका माणसापुरती वाट आणि वाटेच्या टोकाला जाड लोकर चढवलेलं कापायचं टेबल. टेबलाभोवती माणूस जेमतेम फिरेल एवढी मोकळी जागा. चिमी मापाचा टेप घ्यायला आत गेली तेव्हा दादा टेबलावर वाकून रेघ ओढत होता.

रेघ वाकडी होती. थोडीथोडकी नाही, सापासारखी.

काच कापायला लागल्यापासून दादाची रेघ कधी केसभर हलली नव्हती.

"दादा, जेवलास का?"

त्याने मान वर केली. चेहरा खडूसारखा पांढरा, कपाळावरून घाम ओघळत होता आणि डोळे तिच्याकडे होते, पण तिला बघत नव्हते. "दार लावून घे," तो म्हणाला. "सगळं पाणी आत येतंय."

"कुठलं पाणी? दादा, तू खाली बस. मी साखर आणते."

"हात लावायचा नाही!" तो एकदम ओरडला. टेबलावर कापून उरलेली काचेची पट्टी पडली होती, हातभर लांब. ती त्याने नुसत्या मुठीत धरली. बोटांमधून रक्त आलं, पण त्याला त्याचं भान नव्हतं.

चिमी मागे सरकली आणि कुणावर तरी आपटली. मिशाकाका चहाचा कप घेऊन मागे येऊन उभे होते. वाट एका माणसाची आणि उभी दोघं. मागे जायला जागा नव्हती, बाजूला व्हायला काचा होत्या आणि समोरून दादा येत होता.

"अरे, काय करतोयस तू?" मिशाकाका म्हणाले.

त्या आवाजाने तो बिथरला. त्याने पट्टी आडवी फिरवली, सगळी ताकद लावून, थेट डोक्याच्या उंचीवर. चिमीने विचार केला नाही. "काका, मागे!" एवढं ओरडली आणि जागच्या जागी खाली गेली. पाय जवळ, मागची टाच वर, गुडघा जमिनीपासून चार बोटं अधांतरी. पट्टी तिच्या केसांवरून गेली, घोड्याच्या लाकडावर आदळली आणि तिच्या ठिकऱ्या उडाल्या. मिशाकाकांच्या हातून कप पडला.

जोरात फिरवलेल्या हाताने दादा स्वतःच टेबलाकडे वळला. त्याची पाठ चिमीकडे झाली. ती उठली, पाऊल त्याच्या बाजूला टाकलं, उजवं मनगट दोन्ही हातांनी पकडलं आणि पुन्हा खाली उतरली. या वेळी त्याच्या पायात. तिचा गुडघा मागून लागताच त्याचा पाय घडीच्या खुर्चीसारखा मिटला. छाती लोकरीच्या टेबलावर आपटली. दादाचा कातडी ऍप्रन घोट्यापर्यंत होता, त्यामुळे गुडघ्याला काच लागली नाही. चिमीचा गुडघा त्याच्या पोटरीवर होता.

आणि आजूबाजूला सगळीकडे काचा. नखाएवढ्या, बोटाएवढ्या. गुडघा घसरला तर थेट त्यांच्यावर.

दादा रेड्यासारखा उसळला. चिमीने वजन दिलं, तो थांबला. कमी केलं, तो उठायला लागला. पुन्हा दिलं. त्याचा उजवा हात तिने पाठीवर दाबून धरला होता, पण डावा मोकळा होता आणि त्या हाताने त्याने बाजूच्या घोड्याचा खांब पकडला. त्याने खांबाला हिसका दिला. घोड्यावरच्या उभ्या काचा एकमेकींना लागून किणकिणल्या.

तो घोडा आडवा झाला तर तिघांचं काय होईल, हे चिमीला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"काका, ग्लुकोज! गल्ल्याखालच्या खणात पुडी आहे!"

मिशाकाका धावले. खण उघडल्याचा, सामान फेकल्याचा आवाज आला. मग रडवेला सूर. "अगं, रिकामी पुडी आहे ही!"

"मग साखर आणा! चहाची साखर, पाण्यात ओली करून!"

"किती आणू?"

"काका, आणा हो!"

ते साखरेचा डबाच घेऊन आले. घाईत अर्धी साखर वाटेत सांडली. दादाचं तोंड टेबलावर कुशीला वळलं होतं. काकांनी ओल्या साखरेचं बोट त्याच्या तोंडात घातलं आणि किंचाळले. "चावला गं! करकचून चावला!"

"चावू दे. गालाच्या आतून लावा. घशात नको, ठसका लागेल. लावत राहा."

मिशाकाका साखर लावत राहिले. एकीकडे कळवळत होते आणि दुसरीकडे, "खा रे राजा, खा रे माझ्या सोन्या," असं म्हणत होते, जसं कधी काळी याच पोराला ते दुकानाच्या पायरीवर भरवत असतील. साखरेचा गुण यायला वेळ लागतो. ती तोंडात गेली, तेवढ्यावर भागत नाही.

चिमीची मांडी पेटली होती. आधी जळजळ, मग थरथर, मग पाय आपला नाहीच असं वाटायला लागलं. क्लासमध्ये थोडा वेळ धरलं की बाई "उठा" म्हणायच्या. इथे उठा म्हणणारं कुणी नव्हतं. खाली टेकावं, एकदाच टेकावं, असं अंग ओरडत होतं. खाली टेकायला दादाची पोटरी होती. सगळं वजन तिथे सोडलं असतं तर तिला क्षणात आराम पडला असता आणि त्याचा गुडघा कायमचा गेला असता. ती दात आवळून अर्ध्यावर धरून राहिली. घाम डोळ्यांत गेला तरी पुसायला हात मोकळा नव्हता.

आणि मग दादा बोलला. अगदी स्वच्छ आवाजात, नेहमीच्या.

"चिमे, पाय मोडतोय माझा. सोड."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आला, परत आला. तिने नाव ऐकलं आणि बाकी काही ऐकलं नाही. गुडघा उचलला गेला, मनगटावरची पकड सैल झाली.

दादा एका झटक्यात उठला आणि दोन्ही हातांनी घोड्यावर तुटून पडला. "पाणी! पाणी येतंय!" अख्खा घोडा भिंतीपासून सुटून पुढे कलला. वरची मोठी काच सरकली. मिशाकाकांनी पाठ लावून घोडा अडवायचा प्रयत्न केला, पण त्या म्हाताऱ्या हाडांत असं कितीसं बळ असणार?

चिमीने पुन्हा त्याच्या पायात गुडघा घातला आणि या वेळी हात राखून नाही. ती खाली गेली ती अख्खी गेली. दादाचा पाय दुमडला आणि आत कुठेतरी कट् असा आवाज झाला. लहानसा, ओली काडी मोडल्यासारखा. दादा किंचाळला. त्याचे हात सुटले. मिशाकाकांच्या पाठीवरचा भार कमी झाला आणि घोडा धाडकन मागे भिंतीला जाऊन टेकला. वरची एक काच खाली येऊन पलीकडे फुटली. बाकीच्या उभ्या राहिल्या.

चिमीने त्याचा हात पुन्हा पाठीवर दाबून धरला आणि लगेच वजन स्वतःच्या मांड्यांत घेतलं. ते तिला अजून घेता येतंय, याचंच तिला नवल वाटलं. तो आवाज मात्र कानांतून जाईना.

"लावा साखर," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

हळूहळू दादाचा पाठीवरचा हात ढिला पडला. श्वास लांब व्हायला लागला. बऱ्याच वेळाने त्याने जीभ ओठांवरून फिरवली आणि तोंड वाकडं केलं. "काका, हे काय घातलंय तोंडात? आणि... माझा पाय! आई गं, माझा पाय!"

आता त्याचं नाव घेणं ऐकून चिमी फसणार नव्हती. "आज वार कुठला?" तिने विचारलं.

"काय?"

"वार सांग दादा. आपण आज कुणाची काच कापतोय ते सांग."

त्याने दोन्ही सांगितलं. बरोबर सांगितलं. मग ती त्याच्या पायावरून उठली. उठली म्हणजे मिशाकाकांनी तिला काखेत हात घालून उभी केली.

दवाखान्यात हाताला टाके पडले. गुडघ्याचा एक स्नायुबंध अर्धा फाटला होता, महिना-दीड महिना पट्टा लावून बसायचं होतं. वहिनी आली, तिने आधी चिमीला मिठी मारली आणि मग सगळं ऐकल्यावर, मागची लिंबाच्या गोळ्यांची हकीकतही ऐकल्यावर, ती तिघांनाही अशी काही बोलली की शेजारच्या खाटेवरच्या माणसाने मुकाट्याने चादर डोक्यावरून ओढून घेतली.

दादाला काही आठवत नव्हतं. आठवत नसल्यामुळेच बहुधा तो चिडला. गल्लीत जो तो विचारत होता, "बहिणीने आपटलं म्हणे?" तो घरी पाय उशीवर ठेवून बसायचा आणि चिमी आली की डोळे मिटून घ्यायचा. चिमीही फार वेळ थांबायची नाही. दुकान ती आणि मिशाकाका चालवत होते. मिशाकाकांच्या बोटाला पट्टी होती आणि ते येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तिचा इतिहास ऐकवत होते.

क्लासला चिमी गेली, पण डॉक्टरांच्या पोटरीवर गुडघा उतरवायची वेळ आली तेव्हा तिला तो आवाज ऐकू आला आणि ती बाजूला होऊन भिंतीशी जाऊन बसली. क्लास सुटल्यावर बाईंनी तिला खाली नेलं आणि ड्रायव्हिंग स्कूलच्या उभ्या गाडीत शेजारी बसवलं.

"दोष मला देतेस की स्वतःला?"

"आधीच घट्ट धरलं असतं तर बाई... त्याने नाव घेतलं आणि मी सोडलं त्याला. म्हणून मग इतकं जोरात करावं लागलं."

"कुणीही सोडलं असतं," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही हे इतकं अनोळखी होतं की चिमीने वळून बघितलं. "आणि तो आवाज आठवून हात आखडतो ना? आखडू दे. ज्याला तो आवाज आठवत नाही, त्याला मी हे शिकवत नाही. महिनाभर नुसती बसायला ये. पण ये."

चिमी जात राहिली.

पट्टा काढायच्या आदल्या दिवशी ती वहिनीला सामान द्यायला गेली तेव्हा दादाने डोळे मिटले नाहीत. "बस," तो म्हणाला. मग खिडकीतून रस्त्याकडे बघत राहिला.

"काका सगळं सांगतात, पण एक सांगत नाहीत," तो शेवटी म्हणाला. "मी तुला काही बोललो का तेव्हा?"

चिमीला टाळता आलं असतं. "बोललास. मला चिमे म्हणालास. पाय मोडतोय, सोड म्हणालास."

"मग?"

"मग मी सोडला. आणि तू घोड्यावर धावलास."

त्याचा चेहरा उतरला. "शुद्ध नसताना मी तुझं नाव घेतलं?"

"नेहमीच्यासारखं घेतलंस. अजिबात वेगळं वाटलं नाही."

दादाने पट्ट्यावरून हात फिरवला. "म्हणजे पुन्हा कधी तसं झालं, आणि मी नाव घेऊन विनवलं, तरी..."

"तरी सोडणार नाही," चिमी म्हणाली. हे म्हणताना तिने नजर हलवली नाही.

"त्यापेक्षा मी वेळेवर जेवतो," दादा म्हणाला.

आधी चिमी हसली, मग तो हसला. हसता हसता त्याचा गुडघा हलला आणि तो "आई गं" करत उशीवर कलंडला. वहिनी आतून पदराला हात पुसत आली आणि दोघांकडे बघत राहिली. "एवढं काय झालं हसायला?" तिने विचारलं. दादाने हातानेच तिला थांब म्हटलं. त्याला बोलवत नव्हतं. चिमीने तोंड खिडकीकडे वळवलं, कारण तिच्या हसण्याचं आता रडणं झालं होतं आणि ते एवढ्यात थांबेलसं दिसत नव्हतं.